कॅप्टनची खुर्ची डावीकडे असते

व्हियाविसेन्सियो, रविवार

तीर्थस्वरूप रोसाउरा वन्संना एदेल्मिराचा वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, म्हणून तूर्त अर्धाच वाकून. उरलेला अर्धा कंबर सुटली की पोचता करीन. कंबर कशानं धरली ते पुढे येईलच.) तुमचा गुडघा कसा आहे? माद्रिदच्या थंडीत तो रात्रभर कुरकुरतो म्हणालात. इथून अजगराच्या चरबीचं मलम पाठवलं असतं, पण मागच्या खेपेला तुमच्या कस्टमवाल्यांनी डबी उघडून वास घेतला आणि तिथेच ठेवून घेतली. आता त्यांच्यातल्या कुणाचा तरी गुडघा ठणठणीत असेल, तेवढंच पुण्य. इकडे आम्ही देवमातेच्या कृपेनं बरे आहोत. यामिले बोगोतात खुशाल आहे, आईला फोन करायला तिला रविवारच सापडतो.

परवा तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, की ओलिवेरियोसाठी जॉयस्टिक घ्यायची ती डाव्या हाताची का उजव्या, आणि मी "कळवते" म्हणून फोन ठेवून दिला. रागावू नका. हे शेजारीच बसले होते, कान टवकारून. आमच्या घरात डावं-उजवं हे दोन शब्द सध्या काढायची सोय नाही. मोबाइलवर लिहून पाठवावं, तर माझा मोबाइल माझ्याआधी हे वाचतात. म्हणून कागद. दुकानदाराला सगळी माहिती हवी म्हणालात ना, मग सगळीच देते. तसं एका शब्दात उत्तर आहे, उजवा. पण त्या एका शब्दापर्यंत पोचायला आम्हाला उन्हाळा अख्खा लागला, तो तुम्ही फुकटात कसा घेणार?

यांना अर्धांगाचा झटका आला आणि तुम्ही येऊन गेलात, तेव्हा हे पलंगावर होते. आता उठतात, काठीनं अंगणापर्यंत जातात. डावा हात मात्र खांद्यापासून लोंबतो, डावा पाय ओढावा लागतो. तोंडाला काही झालेलं नाही. डॉक्टर म्हणाले, हे तुमचं नशीब. (डॉक्टरांना आमच्याकडे चार दिवस राहायला बोलवायला हवं.) पण खरं सांगू का वन्सं, मधले कितीतरी महिने ते तोंडही बंद होतं, आणि मी देवापुढे मेणबत्ती लावून म्हणत होते की बाबा रे, यांना भांडायची बुद्धी दे.

आपलं घर विमानांच्या वाटेखाली. तुम्हाला आठवत असेल, हे जंगलातून परतताना घरावर आले की इंजिनाचा जोर दोनदा उतरवून पुन्हा चढवायचे. म्हणजे "भात टाक." मीच काय, अख्खी आळी त्या आवाजावर भात टाकायची. पलीकडची विधवा ओतिलिया तर म्हणायची, मला नवरा नाही पण वेळ कळते. आता यांना घरी बसून वर्ष होत आलं, तरी संध्याकाळी एखादं जुनं डीसी-थ्री विमान डोक्यावरून गेलं की माझा हात आपोआप तांदळाच्या डब्याकडे जातो. आणि हे तर आतच बसलेले असायचे, खुर्ची भिंतीकडे फिरवून. "डावं इंजिन जास्त पेट्रोल खातंय त्याचं," एवढं भिंतीला सांगायचे आणि गप्प. माणूस घरात आहे आणि मी त्याची वाट बघतेय, असं झालं होतं. मला आमचे हे परत हवे होते. शिव्या देणारे, धुरी दिलेल्या माशांचा वास घेऊन येणारे.

मग यामिलेनं तिचा जुना कंप्युटर आणून ठेवला आणि त्यात विमान उडवण्याचा खेळ घालून दिला. खेळ म्हणजे तसा खेळ नव्हे हो, सगळं खरंखुरं. आपला विमानतळ आहे, डोंगर आहे, डीसी-थ्रीसुद्धा आहे. यांनी एक नजर टाकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी केली. एका हातानं. हनुवटीवर दोन ठिकाणी कापून घेतलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले आणि बाहेर येऊन त्यांना म्हटलं, रक्त गंजीवर सांडू नका.

पण उडवायचं कशानं? कंप्युटरची बटणं यांनी नामंजूर केली. "मी वैमानिक आहे, टायपिस्ट नाही." तेव्हा आम्ही गेलो फ्लोरेसमिरोच्या दुकानात. हा फ्लोरेसमिरो म्हणजे बाजारातला खेळण्यांच्या यंत्रांचा व्यापारी. आयुष्यात कधी विमानात बसला नाही आणि त्यामुळे विमानाबद्दल त्याला कसलीच शंका नाही. त्यानं आधी मोटारींच्या शर्यतीचं चाक पुढे केलं. हे म्हणाले, "हे मोटारीचं आहे." तो म्हणाला, "काका, वर आभाळात रस्ता मोकळाच असतो, जास्त वळवावं लागत नाही." मी यांना काठीसकट बाहेर काढलं.

दुसऱ्या खेपेला यांनी स्वतः माल निवडला, आणि इथे तुमचे बंधुराज मूळ स्वभावावर गेले. विमानात दोन खुर्च्या. कॅप्टन डावीकडे, को-पायलट उजवीकडे, आणि मधोमध थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचे दांडे. कॅप्टन डाव्या हातानं चाक धरतो आणि उजव्यानं थ्रॉटल. (हे मला लग्नाच्या रात्रीपासून माहीत आहे, कारण त्या रात्री हे उशीवर दाखवून झालं होतं.) आता यांचा गेलेला हात कुठला? डावा. पण यांनी घेतलं काय? कॅप्टनसारखं, डाव्या हाताचं चाक आणि उजवीकडे ठेवायचं थ्रॉटल! मी म्हटलं, अहो, डावा हात तर... "कॅप्टनचा उजवा हात थ्रॉटलवर असतो," हे म्हणाले. फ्लोरेसमिरोनं एवढा मोठा खोका विकला जाताना पाहून मान डोलावली.

घरी आल्यावर यांनी एल्पिडियोला बोलावलं. शेजारचा वीणा करणारा एल्पिडियो, आपल्या नाचगाण्यांना लागतात त्या मोठ्या वीणा. त्यानं जेवणाच्या टेबलावर चाक बसवलं आणि समोर यांच्या उंचीला बेतून एक उंच फळी ठोकली, तिच्यावर घड्याळांसारखी चित्रं चिकटवली. (ती फळी लक्षात ठेवा.) मग यांनी घोड्याच्या खोगिराचा पट्टा घेऊन निर्जीव हात त्या चाकाला बांधायला लावला. वन्सं, हाताला जोर नसला तरी वजन असतं. विमान उडालं आणि डावीकडे वळलं. आणि वळतच राहिलं. गावाभोवती आमच्या प्रदक्षिणा सुरू झाल्या. खालून चर्च कितीदा गेलं ते मोजायचं मी सोडून दिलं. शेवटी यांनी विमान गुरांच्या बाजारावर नेऊन आदळलं. मग एल्पिडियोनं विचारलं, "बैल किती गेले असतील हो कॅप्टन?" तेव्हापासून तो पुढचा आठवडाभर कुंपणापलीकडूनच बोलला.

त्यानंतर उजव्या हाताची जॉयस्टिक आली. चांगली होती, मुठीत बसत होती, मनगट पिळलं की शेपूट वळत होती. पण इंजिनाचा जोर वाढवायची खटकी कुठे? खाली, डाव्या बाजूला! ज्यानं ती बनवली त्याला दोन्ही हात होते आणि सगळ्यांना असतात असं त्याला वाटलं. उजवा हात खटकीकडे न्यावा तर दांडी सुटते आणि विमान नाकावर पडतं. यांनी काय करून पाहिलं नाही? गुडघ्यानं ढकलून झालं. मग हनुवटीनं. हनुवटीनं जमतही होतं, पण जंगलातल्या मितू गावच्या निम्म्या वाटेवर कवळी निसटून बटणांवर पडली आणि चाकं बाहेर आली. पायांचंही तसंच. चाकाच्या खोक्यातून आलेली पेडलं दोन, चालणारा पाय एक. त्यावर मात्र एल्पिडियोनं तोड काढली. आडव्या फळीवर उजवा बूटच खिळ्यांनी ठोकला, म्हणजे त्याच पायानं एकीकडे ढकलायचं आणि दुसरीकडे ओढायचं. बूट लग्नातला आहे. मला विचारलं नाही कुणी.

मितूचं नाव आलंच आहे तर सांगते. तुम्हाला माहीत आहे, आमच्या वैमानिकांच्या घरांत नवरा-बायको एका विमानात बसत नाहीत. एक पडलं तर पोरांना दुसरं तरी राहावं. यांचं मालवाहू विमान बिअरचे खोके घेऊन गेलं, सिमेंट घेऊन गेलं, एकदा तर भाऊबंदकीतल्या भांडणाचा बैल घेऊन गेलं. मला कधी नेलं नाही. हे मितूहून यायचे आणि सांगायचे, तिथली नदी काळी आहे एदेल, कोऱ्या चहासारखी, वाकून बघितलं तर पाणी दिसतच नाही, आभाळ दिसतं. मी म्हणायची, न्या की एकदा. हे म्हणायचे, यामिले शाळेतून सुटली की नेतो. यामिलेचं लग्न झालं की नेतो. मग निवृत्त झाल्यावर शेवटी ठरलं, डिसेंबरात जायचं, कुणाच्या तरी विमानात प्रवासी म्हणून, दोघांनी. मी नवी टोपी घेतली. नोव्हेंबरात झटका आला. टोपी अजून कपाटावर आहे, खोक्यात. असो.

तर जॉयस्टिकही फसल्यावर आम्ही पुन्हा फ्लोरेसमिरोकडे. तो डोकं खाजवून म्हणाला, "काका, सोपं आहे. तुम्ही उजव्या खुर्चीत बसा. उजव्या हातात चाक येईल. थ्रॉटलला दुसरं कुणीतरी घ्या." म्हणजे को-पायलटच्या जागी! अरे देवा. यांचा चेहरा बघायला हवा होतात. उभा जन्म डाव्या खुर्चीत गेलेला माणूस. "मला? उजवीकडे? त्यापेक्षा मी कोंबड्यांबरोबर मागे बसून जाईन." घरी येऊन खुर्ची पुन्हा भिंतीकडे. जेवण भिंतीकडे. मी कितीदा समजावलं, अहो, बघायला आहे कोण? म्हणे, "मी आहे ना." त्या दिवसांत मला पुन्हा फार भीती वाटली. दाढीही बंद झाली होती.

आणि मग एका सकाळी मी बाजारातून आले तर जेवणघरात खरडल्याचा आवाज. हे एका हातानं, काठीनं, पोटानं ढकलत चाक टेबलाच्या उजव्या अंगाला सरकवत होते. मी मदतीला गेले नाही. दारातच उभी राहिले, हातात केळी. सगळं लावून झाल्यावर हे उजव्या खुर्चीत बसले, घाम पुसला, आणि माझ्याकडे न बघता डावी खुर्ची काठीनं ठोकली. "बस."

"मी?"

"मग ओतिलियाला बोलावू? बस. मी सांगेन त्यालाच हात लावायचा."

म्हणजे बघा वन्सं, थ्रॉटल मधोमध आलं. यांच्या डाव्या हाताशी, पण तो हात मांडीवर निजलेला. माझ्या मात्र उजव्या हाताशी बरोबर. मी दांडे पुढे सारले ते दुकानाचं शटर ओढावं तसे, आणि विमान धावपट्टी सोडून गवतात. "अगं, हळू! दूध वर येताना गॅस कसा कमी करतेस? तसं!" एवढंच ना? मग आधी नाही का सांगायचं? जन्मभर मी दुसरं केलंय काय? त्या दिवसापासून आमचं विमान कधी उतू गेलेलं नाही. ओरडणं मात्र चालू आहे. "कमी कर! आणखी! इतकं नाही, बाई, आपण पडतोय!" मीही ऐकून घेत नाही. म्हटलं, नीट बोला, कॅप्टनच्या खुर्चीत कोण बसलंय ते बघा. यावर हे इतके हसले की विमान तिरकं झालं. झटक्यानंतर पहिल्यांदा हसले.

आता रोज संध्याकाळी जातो. डोंगर मागे पडतो, मग गवताळ माळ, नद्या. हे एकेक दाखवत जातात. इथे पावसात रस्त्यावर उतरलो होतो. इथे त्या बैलानं खोका फोडला. माझा हात थ्रॉटलवर आणि माझं कोपर यांच्या त्या निजलेल्या हातावर टेकतं. त्या हाताला काही कळत नाही असं डॉक्टर म्हणतात. मी कोपर उचलत नाही.

गेल्या आठवड्यात मितूला पोचलो. दोनदा नदीत पडलो, तिसऱ्यांदा उतरलो. कंप्युटरातलं मितू म्हणजे काय, हिरवा रंग फासलेला आणि खोक्यांसारखी चार घरं. नदी मात्र काळी आहे. मी फळीवरून मान उंच करकरून बघत होते. (माझी उंची तुम्हाला माहीत आहे. फळी यांच्या मापाची. कंबर धरली ती यामुळे.) हे म्हणाले, "तिथे डावीकडे एक आंब्याचं झाड आहे, त्याखाली म्हातारी भाकऱ्या विकते. या खेळवाल्यांनी झाड घातलंच नाही." मग म्हणाले, "आणलं की नाही तुला?" मी उठून आत गेले. भात करपला होता, त्यामुळे धुरानं डोळे चुरचुरले असं सांगता आलं.

असो, पाल्हाळ पुरे. मुद्द्याचं लिहिते. यामिले म्हणते, बाबांना एकट्यानं उडवता यायला हवं. व्यायाम करवून घ्यायला येणारी बाईही हेच म्हणते, प्रत्येक गोष्टीला दुसऱ्याची गरज लागू नये. खरंच आहे ते. मलाही घरकाम आहे. तेव्हा तुमच्या भाच्यानं शोधलेली एका हाताची जॉयस्टिक घ्या. उजव्या हाताची. जोराची खटकी त्याच दांडीवर, अंगठ्याखाली हवी, दुसरीकडे कुठे असली तर घेऊ नका. मनगट पिळून शेपूट वळायला हवी. बैठक जड हवी, कारण हे रागावले की टेबल हलतं. तळहाताचं माप सोबतच्या कागदावर काढून दिलं आहे. (तेल किंवा तिखट काही लागलं असेल तर क्षमा, स्वयंपाकाच्या ओट्यावर काढलं.) नाताळच्या आत मिळाली तर फार उपकार होतील.

गुडघ्याला जपा. मोठ्यांना नमस्कार, तुमच्या पोपटाला गोड बोला.

तुमची,
एदेल्मिरा

ता. क. – ओतिलिया विचारते, माद्रिदमध्ये विधुर वैमानिक आहेत का.

ता. क. – वन्सं, ती जॉयस्टिक पाठवू नका. वरचं सगळं मी यामिलेच्या सांगण्यावरून लिहिलं. ती आली की यांना सगळं एकाच हातात मिळेल, मग मी काय करू? मी पुन्हा स्वयंपाकघरात, भात टाकून वाट बघत? उभ्या जन्मात आत्ता कुठे मला खुर्ची मिळाली आहे. स्वार्थी म्हणा, काहीही म्हणा. तुमच्या भावाला फोनवर सांगा की पाठवली होती, कस्टमवाल्यांनी ठेवून घेतली. त्यांची तशी ख्यातीच आहे. यांना यातलं अवाक्षर कळू देऊ नका. हे मघापासून म्हणतायत, ताईला दोन ओळी मी पण लिहितो. देते. चष्मा मी फडताळात वर ठेवला आहे, म्हणजे वरचं वाचता येणार नाही.

ताई,
चष्मा सापडत नाही, अंदाजानं लिहितो, अक्षर मोठं येतंय. ही पाणी आणायला गेली आहे. ती एका हाताची दांडी पाठवू नकोस. मला एकट्यानं उडवायची सवय नाही. हिला सांग, कस्टमनं अडवली. त्याऐवजी एक चांगली जाड उशी पाठव, खुर्चीत घालायला. आमच्या कॅप्टनना फळीवरून धावपट्टी दिसत नाही, आणि सांगायला लाजतात.

ओलिवेरियो
को-पायलट